साईची खोली

टौरंगा, न्यूझीलंड
९ मार्च १९९७

ताई,

पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. तुला बहीण म्हणून लिहू की मोठी जाऊ म्हणून? अण्णांनी एकाच मांडवात आपल्या दोघींना दोघा भावांच्या गळ्यात बांधलं, त्यांची एक जेवणावळ वाचली, पण माझी ही कायमची पंचाईत झाली. जावेला लिहायचं तर सगळं छान चाललंय असं लिहावं लागतं. बहिणीला लिहायचं तर खरं लिहावं लागतं. आज दोन्ही थोडं थोडं लिहिते, तू निवडून घे.

घर छान आहे. सगळं लाकडाचं, भिंतीसुद्धा. वारा सुटला की जुन्या बैलगाडीसारखं कुरकुरतं. मागे अंगण आहे आणि अंगणात कपडे वाळत घालायला एक लोखंडी खांब. खांबावर उघड्या छत्रीसारख्या काड्या आणि काड्यांना दोऱ्या. वाऱ्याने ते सगळं गोल गोल फिरतं. सोमनाथचे शर्ट एकामागून एक पुढे येतात, हात हलवतात, निघून जातात. पहिल्या दिवशी मी चहाचा कप घेऊन ते नुसतं बघत बसले, चहा निवून गेला तरी. पाणी विजेच्या किटलीत उकळतं आणि उकळलं की किटली आपली आपण बंद होते. दूध वरून घालायचं, म्हणजे उतू जाण्याची भीती नाही. कशावर लक्ष ठेवायला नको, त्यामुळे हात मोकळे राहतात. मोकळ्या हातांचं काय करायचं ते अजून शिकते आहे.

सोमनाथ कामाला लागला. कंपनी अंबडच्या कंपनीपेक्षा मोठी आहे, असं सासूबाईंना सांग.

आता पुढचं माझ्या साईला वाचून दाखव. जवळ घेऊन बस आणि सावकाश वाच, तू घाईघाईत वाचतेस.

साईबाई, इथे आपल्या अंगणात संध्याकाळी एक पाहुणा येतो. मुठीएवढा आहे, अंगावर सगळे काटे. साळिंदराचं बाळ वाटेल, पण तो एवढाच राहतो. हात लावायला गेलं की चेंडू होऊन बसतो. तो गोगलगाई खातो, कचाकचा, आवाज ऐकू येतो. आणि अजून एक गंमत. इथे साळुंक्या आहेत, अगदी आपल्या मखमलाबादच्या, पिवळ्या चोचीच्या. शेजारच्या जोन आजी म्हणाल्या की या पक्ष्यांना इथल्या कुणी बोलावलं नव्हतं, बाहेरून आले आणि सगळ्यांशी भांडतात. मी म्हटलं, आमच्याकडच्या आहेत, भांडणारच. आणि चंद्र, साई, इथे उलटा असतो. आपल्या चंद्रातला ससा इथे डोकं खाली, पाय वर करून बसतो. तू ये, मग आपण दोघी वाकून, पायांमधून बघू, म्हणजे तो सरळ दिसेल.

ताई, साईचा दम्याचा पंप उशाशी ठेवतेस ना? डॉक्टरांनी सांगितलं तसं सहा महिने ती तुझ्याकडेच. घराचं आणि नोकरीचं जरा बस्तान बसलं की तिला घेऊन येऊ. आम्ही निघालो तेव्हा ती झोपलेली होती ते बरंच झालं, असं सगळे म्हणाले. मी काही म्हणाले नव्हते.

तुझी,
उज्वला

२० जुलै १९९७

ताई,

तुमच्याकडे आता चिखल असेल आणि शेवंतीची रोपं लावायची घाई. आमच्याकडे थंडी. थंडी बाहेर असते असं मी समजत होते. इथे ती घरात राहते. बाहेर ऊन पडलेलं आणि आपण आत शाल घेऊन बसलेले. गादीवर विजेची चादर अंथरतात, बटण लावलं की गादी भाकरीसारखी गरम होते. सोमनाथला भीती वाटते, म्हणतो ओली झाली तर काय. त्यामुळे झोपायच्या आधी लावायची आणि झोपताना बंद करायची, असा आमचा तह झाला आहे.

पण खरी गोष्ट ओलीची आहे. साईसाठी ठेवलेली खोली घराच्या दक्षिणेला. आपल्याला वाटतं दक्षिणेला ऊन, तर इथे सूर्य उत्तरेकडून जातो. कुणी सांगितलं नाही आणि आम्हाला सुचलं नाही, मोठ्या हौसेने दक्षिणेची खोली तिला ठेवली. जूनमध्ये भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसली. मी पुसली, पुन्हा आली. अशा भिंतीला टेकून माझी पोर कशी झोपेल?

मग जोन आजी मला शनिवारी घेऊन गेल्या. शनिवारी इथले लोक घरातलं जुनं सामान दारात मांडून विकतात, कपबश्यांपासून कपाटापर्यंत. तिथे एक यंत्र मिळालं, पाण्याच्या पिंपाएवढं, चाकांवरचं. ते खोलीत लावून दार बंद केलं की हवेतलं पाणी ओढून घेतं. नाव मला उच्चारता येत नाही, म्हणून मी त्याला पाणक्या म्हणते. सकाळी त्याच्या पोटातला डबा काढला की काठोकाठ भरलेला. रिकाम्या खोलीत कुणी आलं नाही, गेलं नाही, आणि एवढं पाणी निघतं, ताई. ते मी मागच्या वाफ्यात ओतते. साईच्या खोलीचं पाणी म्हणून वाया घालवावंसं वाटत नाही.

अंधार पडला की छपरावर पॉसम नावाचा प्राणी येतो. मांजराएवढा, झुपकेदार शेपटीचा. तो घसा खरवडून घरघरतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तव्यावरची पोळी टाकून धावले, साईला उबळ आली म्हणून. खोलीत जाऊन दिवा लावला. पाणक्या चालू होता, बाकी कुणी नव्हतं. हे तिला वाचून दाखवू नकोस. पॉसमला गुलाबी नाक असतं एवढंच सांग.

आता बहिणीला लिहायचं ते. सोमनाथला अजून त्याचं काम मिळालेलं नाही. अंबडला ज्याच्या हाताखाली माणसं होती, तो इथे किवी फळं निवडायच्या शेडमध्ये खोकी रचतो. मीही जाते. पट्ट्यावरून फळं येतात, डागाळलेली बाजूला काढायची. आपल्या द्राक्षांच्या पॅकिंगसारखंच, फक्त गाणी नाहीत. मला वाईट वाटत नाही. त्याला वाटतं, म्हणून मी हसत असते. सासूबाईंना सांगू नकोस, त्यांच्यापुरता तो साहेबच राहू दे.

म्हणून साईला आत्ताच्या थंडीत नको. डिसेंबरात इथे ऊन असतं, तेव्हा आणू. दाजींना पासपोर्टचं बघायला सांग. कागद मी वेगळे पाठवते.

तिचा फोटो पाठव. एकटीचा नको, तू पण उभी राहा.

उज्वला

५ जानेवारी १९९८

ताई,

तुझं शेवटचं पत्र गणपतीत आलं. 'साई मजेत आहे, खोकला नाही, काळजी नसावी.' एवढं तर एसटीच्या तिकिटामागेही मावलं असतं.

डिसेंबर आला आणि गेला. समुद्राच्या कडेची झाडं लाल फुलांनी भरली होती, खाली रस्ताभर लाल केसरांचा सडा. लोक त्यावरून चालतात. फुलांवर पाय द्यायला मला होईना, मी कडेकडेने चालत होते. माळ्याच्या घरची, दुसरं काय.

दाजींना फोन केला की म्हणतात, कागद प्रतिभाकडे आहेत, तिला विचार. तू फोनवर येत नाहीस. सासूबाई म्हणतात, मोठी वाफ्यात आहे. एवढ्या वेळा फोन केला, प्रत्येक वेळी वाफ्यात? साई मात्र येते. 'आई, तू जेवलीस का? आई, बाबा बरे आहेत का?' पाढे म्हटल्यासारखं म्हणते आणि फोन ठेवून पळते. मागे तिला कुणीतरी शिकवत असतं, श्वास ऐकू येतो. तूच ना ती?

रागावून लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून दुसरं लिहिते. जोन आजींना पक्षी बघायचा नाद आहे. त्यांचे यजमान गेल्यापासून त्या रोज खाडीवर जातात, थर्मासमध्ये चहा, तिपाईवर दुर्बीण. मला पण नेतात. ओहोटी लागली की मैलभर चिखल उघडा पडतो आणि त्यात लांब चोचींचे पक्षी. मला एकदम आपलं माहेरचं सायखेडा आठवलं. थंडीत नदीकाठी असेच लांब पायांचे पक्षी यायचे, आणि आई धुणं आपटताना म्हणायची की पाहुणे आलेत, हळू आपटा. तू खरंच हळू आपटायचीस. मी मुद्दाम जोरात.

जोन आजी म्हणाल्या की हे पक्षी पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाहून येतात. कुठे न उतरता, समुद्रावरून, दिवसच्या दिवस. आणि पिल्लं मोठ्यांच्या मागून निघतात, पुष्कळदा आपली आपण. मी विचारलं, त्यांना वाट कोण दाखवतं? त्या म्हणाल्या, कुणालाच माहीत नाही. मी बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून बसले. डोळ्यांत पाणी आलं की दुर्बिणीतून काहीच दिसत नाही, तरी बसले.

साईची खोली आता बदलली आहे. उत्तरेची खोली आमची होती ती तिला दिली, आम्ही दक्षिणेला गेलो. पलंग आला आहे. चिखलात घालायचे रबरी बूट आणले आहेत, लाल. पायाचा अंदाज नव्हता म्हणून थोडे मोठेच घेतले. ताई, तिचा पाय केवढा झाला ते तरी कळव.

उज्वला

३० मार्च १९९८

प्रतिभाताई,

काल सोमनाथने पाडव्याच्या शुभेच्छा द्यायला उशिरा का होईना फोन केला. सासूबाईंनी आनंदाने सांगितलं की पाडव्याचा मुहूर्त साधला, साईला मोठीच्या मांडीवर दिलं. पाट मांडला, तुझी ओटी भरली, चार बायका बोलावल्या. 'मोठीची कूस रिकामी नाय राहिली. तुम्ही तरणे हायेत, तुम्हाला दुसरं होईल.'

सोमनाथच्या हातातून फोन गळला. मी उचलला तेव्हा लाइन बंद.

आपल्या घरात मांडीवर दिलेलं मूल परत मागत नाहीत हे मला माहीत आहे. सासूबाईंचे धाकटे दीर असेच मांडीवर गेले आणि जन्मभर सख्ख्या आईला काकू म्हणाले. पण त्यांच्या आईला विचारलं तरी होतं. मला कुणी विचारलं? तुझं दुःख मला माहीत नाही असं नाही. तुझ्याबरोबर कुठल्या कुठल्या दवाखान्यांत मी बसले आहे, कुठल्या कुठल्या देवाला तुझ्यासाठी बोलले आहे. म्हणूनच तुझ्याकडे ठेवली. दुसऱ्या कुणाकडे मी साईला एक दिवससुद्धा ठेवलं नसतं.

तू पाटावर बसलीसच कशी?

उज्वला

२२ ऑगस्ट १९९८

ताई,

मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. बरोबर आहे, त्या पत्राला उत्तर नव्हतंच.

मी येते आहे. किवीचा हंगाम संपला, सोमनाथला एका वर्कशॉपमध्ये लेथवर घेतलं, त्याच्या हाताला पुन्हा तेलाचा वास येतो. तो आता छपरावरच्या पॉसमशी मराठीत बोलतो. इतके दिवस घरात शब्द नव्हता. मी दसऱ्याच्या आधी पोचेन. फुलांच्या गर्दीत येते म्हणून रागावू नका, तिकीट तेव्हाचं मिळालं. साईला घेऊन परत निघेन.

हे तुला आधी कळवते आहे, कारण अचानक येऊन ओढून नेली असं मला व्हायला नको. तुलाही नको. वाईट बोलायचं असेल तर बोल, मी ऐकून घेईन. पण पोर माझी आहे, ताई. तिचा दमा माझा, तिची पाटी माझी, तिचे उलटेसुलटे प्रश्न माझे. मी वर्षभर एका रिकाम्या खोलीतलं पाणी उपसते आहे.

पाणक्याचा डबा हल्ली लवकर भरत नाही. उत्तरेच्या खोलीत ऊन येतं. जमिनीवर उन्हाचा चौकोन पडतो आणि दिवसभर हळूहळू सरकतो. मी कधी कधी त्याच्यात जाऊन बसते, आणि वाटतं की दुपार अशीच तुमच्या ओट्यापर्यंत सरकत जाईल.

उज्वला

१५ नोव्हेंबर १९९८

ताई,

सुखरूप पोचलो. साईला विमानात उलटी झाली नाही. ढग बघून म्हणाली, कापूस वेचायला कोण येतं?

तू आम्ही निघायच्या वेळी टेम्पोबरोबर पंचवटीच्या बाजाराला निघून गेलीस. दसरा कधीच होऊन गेला होता, असं कोणतं तातडीचं फूल होतं? दाजीसुद्धा तुझ्याकडे बघत राहिले. साई ओट्यावर बॅग घेऊन बसली होती, वेणी घालून, दोन्ही रिबिनी सारख्या. ती रडली नाही. मला ते बरं वाटलं, तेव्हा.

तुझ्या घरात मी राहिले, पण आपण बोललो काय? अंगणभर झेंडूचे ढीग, सगळे माना खाली घालून बसलेले, तू सुईदोरा घेऊन त्यांच्यात. साई तुझ्या पलीकडे बसून आपट्याची पानं खोचत होती, तिचा हात माझ्यापेक्षा भरभर चालत होता. मी विचार करून आलेली सगळी भांडणं त्या वासात विरघळली. ती मला आई म्हणाली, पहिल्या क्षणापासून, न अडखळता. तुला ताई म्हणत होती, माझ्यासारखंच. मला वाटलं, हरलीस तू. मांडीवर घेऊनसुद्धा आई म्हणवून घेता आलं नाही. मनात असं आलं हे खरं आहे.

मग तू पेटी उघडलीस, लुगड्यांच्या तळातून पासपोर्ट काढलास आणि माझ्या हातात ठेवलास. 'आला होता,' म्हणालीस. कधी, ते मी विचारलं नाही. आतला शिक्का मी नंतर पाहिला. बरेच दिवस झाले होते. संताप आला, पण घरात सगळे होते म्हणून पासपोर्ट बॅगेत ठेवून दिला.

आता ओट्यावर काय झालं ते ऐक, कारण तू नव्हतीस. जीप आली, मी सासूबाईंच्या पाया पडले. त्यांनी माझा हात सोडला नाही. म्हणाल्या, 'मोठीवर राग धरू नको. पाट मी मांडला व्हता. ओटी भरली, पोरगी मांडीवर ठेवायला गेले तर ही उठून उभी राह्यली. चार बायांसमोर म्हणे, हिच्या आईनं दिली नाय, तर मी कशी घेऊ. लय समजावलं, नाय बसली. तुम्हाला फोनवर मीच खोटं बोलले. म्हटलं आज ना उद्या बसंल.'

मी तिथेच ओट्यावर बसले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. सासूबाई म्हणाल्या की त्यानंतर त्या तुझ्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत, आणि माझं ते पत्र आलं तेव्हा तू ते वाचून चुलीपाशी बसून राहिलीस. 'खरं लिहून टाक, म्हटलं मी तिला. तर म्हणे, मग तुम्ही लेकापुढं खोट्या पडाल.'

ताई, चांगलं असायला काही मर्यादा असते की नाही?

मला तुझा अजून राग आहे. पासपोर्ट लपवलास त्याचा आहे. आणि पाटावरून उठलीस त्याचं मला रडू येतं. एकाच बाईने दोन्ही कसं केलं हे मला सुटत नव्हतं. पण विमानात साई माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली, तो भार मला जाणवला, आणि सुटलं. मांडीवर घ्यायची नाही हे तुला जमलं. हातातून सोडायची, ते जमेना. मलाही जमलं नसतं.

लाल बूट तिला घट्ट होतात. मी मोठे घेतले होते तरी.

उज्वला

१ मार्च १९९९

ताई,

साईला अजून एकदाही उबळ आली नाही. शाळेत जाते, इंग्रजी बोलते, मला हसते. पाणक्याचा डबा ती स्वतः ओतते आणि जोन आजींना सांगते की हे माझ्या खोलीचं पाणी. साळुंक्यांना मराठीत दटावते. काटेवाल्या पाहुण्याला बशीत दूध ठेवलं होतं, जोन आजी म्हणाल्या त्याला दूध बाधतं, तेव्हापासून पाणी ठेवते. सगळं ठीक आहे. मला हवं होतं ते सगळं झालं.

पण घरात ती पाहुण्यासारखी राहते. 'आई, पाणी घेऊ? आई, दिवा लावू? आई, मी इथे बसू का?' पलंगावरची चादर उठल्याबरोबर नीट करते. माझ्यावर चिडत नाही, हट्ट करत नाही, पाय आपटत नाही. पोटची पोर आणि कशालाही नाही म्हणत नाही. ताई, आपण आईला किती छळलं आहे. मला वाटायचं, वेळ लागेल. सोमनाथ पण तेच म्हणायचा.

काल जोन आजींनी आम्हाला खाडीवर नेलं. लांब चोचीचे पक्षी आता जाणार. खाऊन खाऊन गोल झालेत, भरती आली की सगळे एका बाजूला गोळा होतात आणि उत्तरेकडे तोंड करून उभे राहतात. मधूनच एखादा थवा उठतो, एक वेढा घेतो, पुन्हा खाली बसतो. अजून वेळ झाली नाही, असं जोन आजी म्हणाल्या. साईने मला विचारलं, नाशिकवरून जातात का? मी म्हटलं, असेल, वाटेत लागत असेल. खोटंच. जरा वेळाने ती वाळूवरून एकटी पुढे गेली. मी थर्मास उघडत होते. वारा आमच्याकडे येत होता, म्हणून ऐकू आलं. पक्ष्यांकडे तोंड करून ती अगदी हळू म्हणाली, 'आई.'

मी म्हटलं, 'काय गं?'

ती दचकली. मागे वळली तेव्हा तिचा चेहरा पांढरा झाला होता. 'तुला नाही,' म्हणाली. आणि मग लगेच, 'चुकलं.'

मी जवळ गेले, गुडघ्यांवर बसले. चिखलाने साडी भरली. हळूहळू तिने सांगितलं. ती तुला आई म्हणायची तेव्हा तू तिच्या तोंडावर हात ठेवायचीस. आई तिकडे आहे, फोटोत आहे, मी ताई, असं सांगायचीस. म्हणून ती तू झोपलीस की म्हणायची, किंवा तू विहिरीपलीकडे गेलीस की. कधीच तुला ऐकू जाईल असं नाही. मला म्हणाली, 'मी तिला ऐकू येईल असं नाही म्हटलं. देवाशपथ.' जणू मी ते तपासणार होते.

ताई, तू एवढी वर्षं त्या एका शब्दासाठी देव पालथे घातलेस. आणि तो तुझ्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा तू त्याच्या तोंडावर हात ठेवलास. माझ्यासाठी.

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. तिथेच ठरलं. सोमनाथला घरी येऊन सांगितलं, तो लेथवरचे हात धूत होता. तो म्हणाला, 'आपण तिला आधीच विचारायला हवं होतं.' एवढं बोलून तो बराच वेळ हात धूत राहिला.

तर आता मी सांगते ते कर. पाडव्याला सकाळी आंघोळ करून पाट मांड. सासूबाईंना ओटी भरायला सांग, मागच्या वेळी आलेल्या चारही बायका बोलाव. धाकटीने सांगितलं आहे म्हणावं. गेल्या वर्षी तू उठलीस, कारण हिच्या आईने दिली नव्हती. आता आई देते आहे. साई माझ्याकडे राहील, इथल्या शाळेत जाईल, दर डिसेंबरच्या मोठ्या सुट्टीत तुझ्याकडे येईल, शेवंतीच्या हंगामात. मी काही सोडून देत नाही, ते मला जमायचं नाही आणि मी तुझ्याइतकी चांगली नाही. पण मूल दोघींच्या मांडीवरचं. आपल्या घरात असं कधी झालेलं नाही म्हणून कुणी बोललं, तर म्हणावं, दोन बहिणी एकाच मांडवात दिल्यात तेव्हा नाही का चाललं?

त्याच वेळी आम्ही फोन करू. फोन सासूबाईंच्या खाटेपाशी असतो. पाट तिथेच मांड, नाहीतर फोनची तार पुरणार नाही.

साईला मी आत्ता हे सगळं सांगितलं. ती पलंगावर माझ्यासमोर बसली आहे, बघते आहे मी काय लिहिते ते. म्हणाली, 'मग मी फोनवर तिला आई म्हणू?'

मी म्हटलं, म्हण.

तिने चादरीची सुरकुती सारखी केली. मग तिने विचारलं, 'मोठ्यांदा?'

मी हो म्हटलं, ताई. फोन दुसऱ्या कुणाला उचलू देऊ नकोस.

उज्वला